चिंगीचा डबा सीमेवर अडला: घरचं खाणाऱ्या प्राण्याला परदेशी नेताना

आधी मुद्द्याचं सांगते, म्हणजे ज्यांचं विमान परवावर आलंय त्यांचा वेळ जायला नको. कुत्र्यामांजरासाठी घरी शिजवलेलं मांसाचं किंवा दुधाचं खाणं एका देशातून दुसऱ्या देशात नेता येईल, असं धरून चालू नका. बहुतेक सीमांवर ते अडतं. गोठवलेलं असलं तरी अडतं, वाळवलेलं असलं तरी अडतं, आणि सोबत डॉक्टरांचं पत्र असलं तरीही अडतं. तयारी करायची ती डब्याशिवाय प्राण्याचं पोट कसं सांभाळायचं याची. ती तयारी पंधरा दिवसांत होत नाही, निदान दीड महिना हाताशी ठेवा.

हे मी ठेच लागून शिकले. माझी चिंगी नऊ वर्षांची, नऊ किलोची कुत्री. दोन वर्षांपूर्वी तिला पॅनक्रियाटायटिस झाला, म्हणजे स्वादुपिंडाला सूज आली. तेव्हापासून डॉक्टरांनी ठरवून दिलेलं कमी चरबीचं खाणं मी घरी करते: कातडी आणि चरबी काढलेलं कोंबडीच्या छातीचं मांस, भात, लाल भोपळा आणि वरून व्हिटॅमिन-मिनरलची पावडर. चरबी थोडी जास्त झाली तरी तिचं पोट दुखतं, पाठ कमानीसारखी करून ती कोपऱ्यात उभी राहते. एकदा ते पाहिलं की तिच्या खाण्यात ढिलाई करायचं धाडस होत नाही.

युरोपीय संघातल्या एका देशात जायचं होतं. मी वाचलं होतं की आरोग्याच्या कारणासाठी लागणारं प्राण्यांचं खास खाणं माणशी २ किलोपर्यंत नेता येतं. मग मी ११ डबे भरले, प्रत्येकात मोजून १८० ग्रॅम, एकूण १,९८० ग्रॅम. डबे गोठवले, झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली, डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र वर ठेवलं. उतरल्यावर स्वतःहून लाल मार्गिकेत, म्हणजे सामानात सांगण्यासारखं काही असलेल्यांच्या रांगेत गेले. तिथल्या बाईंनी हातमोजे घातले, एक झाकण उघडलं, पत्र शांतपणे पूर्ण वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, "कंपनीचं सीलबंद पाकीट आहे का?"

मी नियम अर्धाच वाचला होता. ती २ किलोची सवलत खरी आहे, पण तिला तीन अटी आहेत. उघडण्याआधी फ्रिजची गरज नसलेलं खाणं हवं, ते ग्राहकाला थेट विकलं जाणारं ब्रँडचं पॅकबंद खाणं हवं, आणि पॅकिंग फोडलेलं नसावं, प्राण्याला त्यातलंच चालू असेल तर गोष्ट वेगळी. माझे डबे तिन्ही अटींत नापास. आजार खरा होता, पत्र खरं होतं, पण सवलत घरच्या खाण्याला नव्हतीच. अकराच्या अकरा डबे मी स्वतःच्या हातानं त्यांच्या पिंपात टाकले. मी आधीच सांगितलं होतं म्हणून दंड झाला नाही. पण बाहेर आले तेव्हा हातात चिंगीची दोरी, रात्रीचे नऊ वाजलेले, आणि तिला काय घालायचं याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एवढे कडक का?

"अहो, चांगलं उकळलंय, त्यात काय राहणार?" हे माझ्याही तोंडावर आलं होतं. आता ते मी कुणालाच म्हणणार नाही.

२००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची, म्हणजे गाईगुरं, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरांना होणाऱ्या संसर्गजन्य आजाराची साथ आली. सुरुवात सापडली ती नॉर्थम्बरलंडमधल्या हेडन-ऑन-द-वॉल गावच्या डुक्करपालनात. तिथे डुकरांना नीट न शिजवलेलं खरकटं घातलं जात होतं, आणि त्यात बेकायदा आलेलं मांस असावं असा निष्कर्ष निघाला. त्या वर्षी ६० लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली. आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा आजार १९५७ साली आफ्रिकेबाहेर पहिल्यांदा पोचला तो लिस्बनला, विमानांतलं खरकटं डुकरांच्या पोटात गेल्यामुळे. २००७ साली तोच आजार जॉर्जियात पोटी बंदराच्या भागात उगवला आणि तिथून पसरत गेला. म्हणजे कुणाच्या तरी ताटात उरलेला तुकडा, एवढंच पुरतं.

आणि उकळण्याचं म्हणाल, तर लाळ्या-खुरकुताचा मांसातला विषाणू नष्ट होण्यासाठी आतपर्यंत निदान ७० अंश सेल्सिअस तापमान ३० मिनिटं टिकावं लागतं. सीलबंद डब्यातल्या खाण्याचं तापमान कारखान्यात नोंदलेलं असतं. माझ्या पातेल्याचं तापमान कुणी नोंदलं? मांस कुठल्या जनावराचं, ते कुठून आलं, हे समोरच्या अधिकाऱ्याला झाकण उघडून कळणार नाही. गोठवल्यानं तर हे विषाणू मरत नाहीतच, उलट टिकतात. चिंगी काही डुक्करवाड्यात जाणार नव्हती, पण तिनं अर्धवट टाकलेलं जेवण कचऱ्यात जाणार, आणि कचरा कुठे जातो हे आपल्या हातात नसतं.

नियम कसा वाचायचा

तीन देशांचे नियम बघायचे असतात: जिथे जायचं तो, मधे विमान बदलायचं तो, आणि परत येताना आपला. मधला देश बहुतेक जण विसरतात. अमेरिकेत तर पुढचं विमान दुसऱ्या देशाचं असलं तरी पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन-कस्टम्स पार करावं लागतं.

देशाच्या शेती किंवा पशुसंवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर जा. विमान कंपनीला विचारून भागत नाही, ते फक्त विमानात काय चढवता येईल ते सांगतात. शोधताना दोन पानं वेगळी असतात हे लक्षात ठेवा. एक असतं 'प्राणी आणणे', त्यात चिप, रेबीजची लस, आरोग्य प्रमाणपत्र असतं. दुसरं असतं 'प्राणिजन्य पदार्थ आणणे', आणि आपलं खाणं त्यात येतं. प्राण्याला परवानगी मिळाली म्हणजे त्याच्या खाण्याला मिळाली असं होत नाही. वाचताना माझ्यासारखं आकड्यावर थांबू नका. आकड्याखालच्या अटी वाचा, आणि तिथे 'व्यावसायिक पॅकिंग', 'मूळ पाकीट', 'न उघडलेलं' असले शब्द दिसले की घरचं खाणं बाद झालं असं समजा.

काही ठिकाणचं ढोबळ चित्र देते. युरोपीय संघाचं वर सांगितलंच. ग्रेट ब्रिटननं १२ एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून येणाऱ्या प्रवाशांना गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांचं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी केली, कारण त्या वर्षी जानेवारीत जर्मनीत आणि मार्चमध्ये हंगेरी-स्लोव्हाकियात लाळ्या-खुरकुत सापडला होता. नियम असे एका आठवड्यात पालटतात, म्हणून तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा तपासा. कॅनडात अमेरिकेतून जाताना अमेरिकेत बनलेलं कंपनीचं खाणं २० किलोपर्यंत सोबत नेता येतं, पण ते सोबत आलेल्या प्राण्यालाच घालायचं. तिथेही घरचा डबा बसत नाही.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड सगळ्यात कडक. जुलै २०२२ मध्ये बालीहून डार्विनला उतरलेल्या एका प्रवाशाच्या पाठपिशवीत दोन अंडं-बीफ सँडविच आणि एक हॅम क्रोसाँ निघाला. त्यानं सांगितलं नव्हतं. दंड झाला २,६६४ ऑस्ट्रेलियन डॉलर. शिवाय ऑस्ट्रेलियात बहुतेक देशांतून आलेल्या कुत्र्यामांजरांना मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात निदान १० दिवस विलगीकरणात राहावं लागतं. त्या दिवसांत आपण स्वयंपाक करूच शकत नाही, म्हणून पथ्याचं खाणं असेल तर केंद्राशी आधीच बोलून घ्या.

आपण मांस टाळून फक्त भात-भोपळा नेऊ, असंही वाटू शकतं. वनस्पतींचेही नियम असतात. युरोपीय संघात १४ डिसेंबर २०१९ पासून जवळजवळ प्रत्येक ताज्या फळ-भाजीला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सूट आहे ती फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. खापरा हा धान्याला लागणारा किडा असलेल्या देशांतून अमेरिकेत प्रवाशाच्या सामानातून तांदूळ नेता येत नाही. भात आणि भोपळा जगात कुठेही मिळतात, त्यांच्यासाठी बॅगेतली जागा घालवू नका.

काहीही न्या, कस्टम्सच्या फॉर्मवर लिहा. रकान्यात 'खाद्यपदार्थ' असं विचारलं असेल तर प्राण्याचं खाणं, बिस्किटं, चघळायची हाडं, खिशातलं बक्षिसाचं पाकीट, सगळं त्यात येतं. सांगितलं तर फार तर वस्तू जाते. लपवलं तर अमेरिकेत १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि शिक्षेची तरतूद आहे. न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी तिथले ४०० डॉलर भरावे लागतात. माझं सगळं खाणं गेलं, पण त्या बाई माझ्याशी नीट बोलल्या, जवळचं दुकान कुठे उघडं असेल तेही त्यांनी सांगितलं. ते मी लाल मार्गिकेतून गेले म्हणूनच.

डबा न्यायचा नाही, तर मग न्यायचं काय?

पहिली गोष्ट, पाककृती. डोक्यातली नाही, कागदावरची, ग्रॅममध्ये. "दोन मुठी तांदूळ, अंदाजानं मांस" हे आपल्या ओट्यापाशी चालतं, परक्या स्वयंपाकघरात नाही. प्रत्येक वजनापुढे 'कच्चं' की 'शिजवलेलं' ते लिहा. कोंबडी शिजताना वजनानं घटते आणि तांदूळ वाढतो, त्यामुळे ही एक खूण राहिली तर सगळं प्रमाण चुकतं. मांसाचा भाग कुठला, कातडी काढलेली की नाही, किती वेळ शिजवायचं, पाणी टाकून द्यायचं की ठेवायचं, सगळं लिहा. पाककृती आधी प्राण्यांच्या आहाराच्या जाणकार डॉक्टरकडून तपासून घ्या. २०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. घरी वर्षभर चालणारी चूक प्रवासात आणखी महागात पडते.

दुसरी गोष्ट, पावडर. व्हिटॅमिन-मिनरलची पावडर ही या सगळ्यात एकच वस्तू आहे जी तिकडे हमखास तशीच मिळेल असं नाही. ती मूळ बाटलीत, मूळ लेबलसकट न्या. पिशवीत सुटी पांढरी पावडर भरून कुठल्याही सीमेवर जाऊ नका. लेबलावर प्राणिजन्य घटक आहेत का ते बघा. कॅल्शियमसाठी हाडांची पूड किंवा अंड्याच्या कवचाची पूड वापरत असाल तर तीही प्राणिजन्यच, ती अडू शकते. साध्या कॅल्शियम कार्बोनेटला ही अडचण नसते, पण मात्रा बदलते. हाडांच्या पुडीत फॉस्फरसही असतो, कार्बोनेटमध्ये नसतो. म्हणून हा बदल डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या बराच आधी करा.

तिसरी गोष्ट, १ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि चार रिकामे डबे.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि तीच मी पहिल्या वेळी केली नव्हती. प्राण्याला चालेल असं एक कंपनीचं खाणं आधी शोधून ठेवा. ते कायमचं घालायला नको, पण त्याच्या पोटाला त्याची ओळख हवी. महिनाभर आधी सुरुवात करा. चिंगीसाठी डॉक्टरांनी कमी चरबीचं कोरडं औषधी खाणं सुचवलं. पहिले तीन दिवस चौथा हिस्सा नवं, पुढचे तीन दिवस निम्मं, मग तीन दिवस पाऊण हिस्सा, आणि दहाव्या दिवशी पूर्ण नवं. तीन दिवस फक्त तेच घालून तिची शी बघितली, आणि मग पुन्हा घरच्या खाण्यावर आणलं. आता मला माहीत आहे की वेळ पडली तर आठवडाभर ती त्यावर नीट राहते. अशा खाण्याचं न फोडलेलं पाकीट, आरोग्याचं कारण सांगणारं पत्र आणि २ किलोची मर्यादा हे तिन्ही जुळलं की युरोपीय संघात ते चालतं. शक्य असेल तर असा ब्रँड निवडा जो जायच्या देशातही मिळतो. पाकीट तिकडच्या दवाखान्यात आधीच सांगून ठेवलं तर सीमेचा प्रश्नच मिटतो.

मांजरवाल्यांनी ही तालीम अजून लवकर सुरू करावी. मांजर अनोळखी खाण्याला तोंड लावत नाही, आणि दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं. "भूक लागली की खाईल" हा हिशेब मांजराला लावू नका.

तिकडे शिजवताना

राहायची जागा घेताना शेगडी आणि फ्रिज आहे का ते बघा, नुसता मायक्रोवेव्ह असेल तर अडचण होते. बाकी साहित्य सोपं आहे, फसगत होते ती तीन ठिकाणी. काही देशांत कोंबडीच्या मांसात मिठाचं पाणी भरून विकतात. पाकिटावर घटकांत पाणी आणि मीठ लिहिलेलं असतं, सोडियमचा आकडाही जास्त दिसतो. हृदयाच्या किंवा किडनीच्या प्राण्याला ते चालणार नाही. तयार सूप-स्टॉकमध्ये बहुतेक वेळा कांदा-लसूण असतो, आणि ते कुत्र्यामांजरांच्या रक्तपेशींना घातक. बाळांच्या मांसाच्या बाटल्या तातडीला बऱ्या वाटतात, त्यांतही कांद्याची पूड असू शकते. परभाषेतलं लेबल असेल तर कांदा, लसूण, मनुका, झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) हे टाळायचे चार शब्द त्या भाषेत लिहून खिशात ठेवा.

विमानात आणि गाडीत

ओलं खाणं हे सुरक्षा तपासणीत द्रव धरलं जातं, म्हणून केबिनच्या सामानात अजूनही बऱ्याच विमानतळांवर १०० मिलिलिटरची मर्यादा लागते. थंडाव्याच्या जेलच्या पिशव्या थोड्या वितळल्या तरी तोच प्रश्न येतो. ड्राय आइस, म्हणजे डबे गार ठेवायचा कोरडा बर्फ, माणशी २.५ किलोपर्यंत चालतो, पण विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि खोक्यातून वायू बाहेर पडायला वाट हवी. तो वायू कार्बन डायऑक्साइड, म्हणून असा खोका प्राण्याच्या पिंजऱ्याशेजारी कधीही ठेवू नका.

प्रवासाच्या दिवशी पोट भरून घालू नका. मी चिंगीला निघायच्या चार तास आधी नेहमीच्या निम्मं घालते, पाणी मात्र शेवटपर्यंत. पिंजऱ्यावर खाण्यापिण्याच्या सूचना लिहिलेला कागद चिकटवायचा असतो. सोबत पिशवी बांधायची तर त्यात कंपनीचं कोरडं खाणंच ठेवा, कारण उतरल्यावर ती पिशवीही सीमा ओलांडणार असते.

घरचा डबा बिनधास्त नेता येईल अशी एक जागा मात्र आहे: युरोपीय संघाच्या आतल्या आत, एका सदस्य देशातून दुसऱ्यात. तिथे फक्त रस्त्यात खराब होऊ न देणं एवढंच बघायचं. उणे १८ अंशांवर कडक गोठवलेले डबे, घट्ट भरलेली थंड पेटी, आत थर्मामीटर. तापमान ४ अंशांच्या आत राहिलं पाहिजे. बाहेर काढलेलं खाणं दोन तासांत संपलं नाही तर टाकायचं, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. पण वाटेत संघाबाहेरचा देश लागत असेल, तर पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो. या वेळी बॅगेत पावडरची बाटली, काटा, रिकामे डबे, पाककृतीचा प्लास्टिकमध्ये घातलेला कागद आणि औषधी खाण्याचं एक सीलबंद पाकीट होतं. पहिले दोन दिवस चिंगी पाकिटातलं खायची, तिसऱ्या दिवसापासून मी तिथेच शिजवायला लागले. परतीच्या सकाळी शेवटचा वाडगा तिनं चाटून साफ केला. डबे साबणानं धुतले, कोपऱ्यात अडकलेली भाताची शितं काढली, पुसून कोरडे केले, आणि विमानात फॉर्म आला तेव्हा खाद्यपदार्थांच्या रकान्यात 'हो' लिहून पुढे पावडरचं नाव घातलं.